भागीचं घोडं, गावचा बांध आणि यॉन एल्स्टर

मराठीत दोन म्हणींचं एकमेकींशी उघड भांडण आहे. ‘भागीचं घोडं किवणानं मेलं’ ही एक. चौघांनी मिळून घोडं घेतलं, पाठीला जखम झाली, प्रत्येकाला वाटलं दुसरा धुईल, आणि घोडं गेलं. दुसरी ‘गाव करील ते राव न करील’. गाव एकदा कामाला लागलं की राजाच्या हातून न होणारं काम होऊन जातं. पहिली सांगते, जे सगळ्यांचं ते कुणाचंच नाही. दुसरी सांगते, सगळ्यांचं आहे म्हणूनच ते होईल. शाळेत आपण दोन्हींचे अर्थ लिहून गुण मिळवले. यातली खरी कुठली, हे मात्र पेपरात कधी आलं नाही.

दोन्ही खऱ्या आहेत, आणि तिथूनच समाजशास्त्राचा अवघड भाग सुरू होतो, असं म्हणणारा एक विचारवंत आहे. यॉन एल्स्टर. जन्म १९४० सालचा, ओस्लोचा. पॅरिसमध्ये रेमों आराँ यांच्या हाताखाली मार्क्सवर डॉक्टरेट केली, १९७२ साली. मग ओस्लो, शिकागो, न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ आणि पुढे पॅरिसचं कोलेज द फ्रान्स. नॉर्वेत जन्मलेला, फ्रान्समध्ये शिकलेला, इंग्रजीत लिहिणारा आणि अर्थशास्त्र, मानसशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान या चारही अंगणांत परवानगी न विचारता फिरणारा माणूस. माणसं जे करतात ते का करतात, एवढाच त्यांचा प्रश्न. त्यासाठी त्यांनी सगळ्यात जास्त वापरलेलं हत्यार म्हणजे रॅशनल चॉईस, तर्कसंगत निवडीचा सिद्धान्त. आणि त्याच हत्याराच्या मर्यादा त्यांच्याइतक्या बारकाईने फार थोड्यांनी दाखवल्या.

तर्कसंगत म्हटलं की आपल्याला वाटतं स्वार्थी, किंवा शहाणा, किंवा यशस्वी. एल्स्टर यातलं काहीच म्हणत नाहीत. त्यांच्या अटी तीन. पहिली, माणसाच्या ज्या इच्छा आहेत आणि जे समज आहेत, ते धरून चाललं तर त्याने केलेली कृती सगळ्यात चांगली हवी. दुसरी, ते समज त्याच्यासमोरच्या पुराव्याला धरून हवेत; मनाला बरं वाटतं म्हणून धरलेले नकोत. तिसरी, पुरावाही त्याने बेताचा गोळा केलेला हवा, फार कमी नको आणि फार जास्तही नको. इच्छा चांगली की वाईट, याबद्दल सिद्धान्त अवाक्षर काढत नाही. सगळी मिळकत अनाथाश्रमाला देणारा तर्कसंगत असू शकतो आणि दरोडेखोरही. तसंच, तर्कसंगत वागूनही माणूस साफ चुकू शकतो, कारण उपलब्ध पुरावाच फसवा असतो.

तिसरी अट वाचताना साधी वाटते, पण सिद्धान्ताचा पाय तिथेच घसरतो. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला काजू बागायतदार घ्या. बी आज विकावी की भाव चढेपर्यंत थांबावं? चार व्यापाऱ्यांना फोन करावा की चौदांना? किती चौकशी पुरेशी, हे ठरवायला चौकशीतून काय हाती लागणार हे आधी माहीत हवं, आणि ते माहीत असतं तर चौकशीची गरजच नव्हती. या फेऱ्याला तळ नाही. कुठेतरी माणूस ‘बस झालं’ म्हणतो, आणि ते ‘बस झालं’ हिशेबातून येत नाही. एल्स्टर यांनी ‘सॉलोमॉनिक जजमेंट्स’ या १९८९च्या पुस्तकात हाच मुद्दा घटस्फोटातल्या मुलांच्या ताब्यापर्यंत नेला. दोन्ही पालक जवळपास सारखेच बरे असतील तर कोण जास्त योग्य हे शोधत कोर्टात वर्षं काढण्याने मुलाचंच नुकसान होतं. तिथे नाणं उडवणं हा पर्यायही विचारात घ्यायला हवा, असं ते लिहितात. ऐकायला क्रूर वाटतं. पण कोर्टाच्या पायऱ्या चढलेल्या कुणालाही विचारा, तो पटकन ‘मूर्खपणा’ म्हणणार नाही.

आता म्हणींच्या भांडणाकडे येऊ. गोव्यात ते भांडण बघायची सगळ्यात चांगली जागा म्हणजे खाजन.

मांडवी-जुवारीच्या काठची ही सखल शेतं भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहेत. नदीचं खारं पाणी आत येऊ नये म्हणून चिखलमातीचे बांध, आणि बांधात मानस, म्हणजे पाण्याचं लाकडी दार. मानसाची करामत बघण्यासारखी. भरतीला नदीचं पाणी चढतं आणि त्याच्याच दाबाने दारं बंद होतात. ओहोटीला बाहेरची पातळी उतरते, आतलं पाणी दारं ढकलतं आणि शेतातलं जादा पाणी नदीत निघून जातं. माणसाने हात लावायची गरज नाही. ओहोटीच्या वेळी तिथे जाळं लावलं की मासळी मिळते. त्या मासळीच्या हक्काचा लिलाव होतो आणि त्या पैशातून बांधाची डागडुजी. आत कोरगूटसारखं खारेपण सोसणारं भात. ही सगळी व्यवस्था पोर्तुगीज येण्याच्या आधीपासूनची आणि ती सांभाळत होती ‘गावकरी’ ही गावसंस्था, जिला पुढे कोमुनिदाद नाव मिळालं.

पण दार आपोआप चालतं, बांध नाही. त्याला खेकडे भोकं पाडतात, पावसात माती सुटते. समजा एका बांधामागे साठ जणांची शेतं आहेत आणि पावसाळ्याआधी प्रत्येकाने एक दिवस माती घालायची आहे. आता त्यातल्या एकाच्या डोक्यात शिरा. एकोणसाठ जण आले तर माझ्यावाचून बांध अडत नाही. कुणीच आलं नाही तर मी एकटा घमेलं घेऊन जाऊन बांध उभा राहत नाही. म्हणजे बाकीचे काहीही करोत, माझ्यासाठी घरी बसणंच फायद्याचं. साठही जण असा विचार करतात आणि बांध फुटतो. खारं पाणी शेतात शिरतं, पुढचे एकदोन पावसाळे मिठाने जातात. प्रत्येकाने आपल्यापुरतं बरोबर गणित केलं आणि सगळ्यांचं शेत गेलं. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ मॅन्कर ओल्सन यांनी १९६५ साली हाच तिढा शास्त्रात मांडला: जिथे फायदा सगळ्यांना मिळणार असतो, तिथे आपला वाटा न उचलता फायदा घेण्याकडे प्रत्येकाचा कल असतो.

मग शतकानुशतकं हे बांध टिकले कसे? दंड होता, लिलावाचं उत्पन्न होतं, हे खरंच. पण ‘द सिमेंट ऑफ सोसायटी’ (१९८९) या पुस्तकात एल्स्टर म्हणतात की नुसत्या दंडाने कोडं सुटत नाही. दंड करणं हेही एक काम आहे आणि तेही फुकटात दुसऱ्याने करावं असंच प्रत्येकाला वाटतं. तेव्हा साठ जणांना एकाच साच्यातले समजणं सोडा, असं त्यांचं सांगणं. माणसं वेगवेगळ्या कारणांनी येतात. एक जण येतो तो ‘सगळे असेच घरी बसले तर?’ या प्रश्नापाशी थांबून. बाकीचे आले की नाही हे तो बघतच नाही. जर्मन तत्त्वज्ञ कान्टचं नाव एल्स्टर या जातीला देतात. दुसरा येतो, पण पुरेसे लोक आलेले दिसल्यावर. फुकटं म्हणवून घेणं त्याला आवडत नाही, पण एकट्यानेच राबणंही नाही. तिसरा आपल्या येण्याने नक्की किती फरक पडेल ते मोजतो. माणसं कमी असताना धावतो आणि पुरेशी झाली की ‘आता माझं काम काय’ म्हणून परततो. चौथ्याला गर्दी, गप्पा आणि काम संपल्यावरचं जेवण हवं असतं. आणि काही जण केवळ न येण्याची चर्चा होईल म्हणून येतात.

आता गंमत बघा. बांधावर सकाळी सहाला पहिला कोण आला याला महत्त्व येतं. कान्टवाले चारपाच आले, मोजणारे आले, की ‘पुरेसे झाले तर येईन’ म्हणणारे मोठ्या संख्येने हलतात, त्यांच्या मागून गर्दीचे शौकीन. गाव करतं. ते पहिले चारपाच नसतील तर उरलेले पंचावन्न अगदी तेच, तितकेच भले असूनही, घरातून बांधाकडे बघत बसतात. घोडं मरतं. स्वभाव बदलले नाहीत, कुणी बिघडलं नाही, साखळीचा पहिला दुवा तेवढा गेला. आपल्याकडे गोव्यात हा दुवा कुठे गेला ते सांगायला नको: पोटापाण्यासाठी बाहेर, बोटीवर, आखातात, पोर्तुगालच्या पासपोर्टवर. शिवाय १९६४चा कूळकायदा आणि १९७६ची पाचवी दुरुस्ती यांनी जमीन कसणाऱ्याला दिली, जे न्यायाचंच होतं, पण बांधाची जबाबदारी जुन्या गावकरीकडून कुळांच्या संघांकडे सरकली आणि काही गावांत ती मधल्यामध्ये लोंबकळली. भातापेक्षा मासळीत पैसा जास्त म्हटल्यावर खारं पाणी मुद्दाम आत घेतल्याच्या तक्रारी खाजन गावांत नवीन नाहीत. ‘पूर्वीची एकी राहिली नाही’ असं आपण उसासा टाकून म्हणतो तेव्हा नक्की काय राहिलं नाही, हे विचारायची सोय एल्स्टर करून देतात. (एलिनॉर ऑस्ट्रम यांनी १९९०च्या आपल्या ग्रंथात असे सामाईक बांध, कालवे आणि कुरणं टिकवणाऱ्या जगभरच्या गावांचे नियम उलगडले आणि २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. त्यांच्यावर वेगळा लेख लागेल.)

मतदानाचं कोडंही याच घरातलं. १६ जानेवारी १९६७च्या गोव्याच्या जनमत कौलात संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ आणि महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मतं पडली. फरक ३४,०२१. म्हणजे त्या दिवशी रांगेत उभ्या असलेल्या कुठल्याही एका माणसाच्या मताने निकाल इकडचा तिकडे झाला नसता. २०२२ साली गोवा विधानसभेच्या सांत आंद्रे मतदारसंघात ७६ मतांनी निकाल लागला. तिथेसुद्धा एक मत घरी राहिलं असतं तर ७५ झाले असते, एवढंच. तरीही माणसं उन्हात उभी राहतात. का? कर्तव्य म्हणून, हे एक उत्तर. एल्स्टर आणखी एक, जरा खट्याळ उत्तर देतात. आपल्याला आतून वाटतं की मी गेलो तर माझ्यासारखे सगळे जातील. माझं जाणं हे इतरांच्या जाण्याचं लक्षण असू शकतं, कारण नव्हे. पण मन दोन्हींची गल्लत करतं. जादूटोण्याच्या जवळ जाणारा हा विचार आहे. लोकशाहीचा बराचसा गाडा त्यावर चालतो म्हटलं तर राग येऊ नये.

हिशेबाने न उलगडणारी दुसरी मोठी गोष्ट म्हणजे रीत, सामाजिक नियम. एल्स्टर यांचं प्रसिद्ध उदाहरण अमेरिकी उपनगरातल्या हिरवळीचं आहे. ते फोंड्यात आणून बघू. एक गृहस्थ आपल्या कुळागरातली, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेतली, चुडतं (झावळ्या) आवरायला माणसाला दिवसाचे आठशे रुपये देतात. त्याने हजार मागितले तर म्हणतील, राहू दे, मीच करतो. उद्या शेजारचे त्यांनाच म्हणाले, ‘भाऊ, माझ्या कुळागरात एक दिवस या, दोन हजार देतो,’ तर? हिशेबाने त्यांनी टुणकन उडी मारून जायला हवं, कारण स्वतःच्या एका दिवसाच्या श्रमाची किंमत त्यांनी हजाराच्या आतच लावली होती. प्रत्यक्षात त्या शेजाऱ्याशी पुढची चवथ (गणेश चतुर्थी) येईपर्यंत बोलणं बंद. पैसा तोच, श्रम तेच, पण ‘आमच्यासारख्याने दुसऱ्याच्या बागेत रोजावर जायचं नाही’ ही रीत मध्ये उभी आहे. रीतीला परिणामांशी देणंघेणं नसतं. ती सांगते अमुक कर, तमुक करू नकोस, आणि मोडली तर इतरांच्या नजरेआधी आपली आपल्यालाच लाज वाटते. या रीतीत जात आणि वर्ग किती मुरलेले आहेत हे मी वेगळं सांगत नाही.

देवळातली पावणी आठवा. उत्सव संपत आला की देवाला आलेल्या वस्तू एकेक करून पुकारल्या जातात. बाजारात थोडक्या पैशांत मिळणारा नारळ समोर येतो, पहिला सवाल शंभराचा, कोपऱ्यातून दोनशे, मुंबईहून आलेले कुणीतरी पाचशे, आणि मग दोघांतच चुरस लागते. पुकारणारा ‘एक वार, दोन वार’ लांबवत दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघतो. नारळ हजारांत जातो. अर्थशास्त्राचा उत्साही विद्यार्थी म्हणेल, सोपं आहे: त्याला नारळ नको होता, प्रसाद हवा होता, पुण्य हवं होतं, मान हवा होता, त्याची किंमत त्याने मोजली. एल्स्टर इथे हात धरतात. माणसाने काहीही केलं की त्याला तेच हवं होतं असं मागाहून म्हणता येतं. अशा स्पष्टीकरणाने कधीच हरता येत नाही, म्हणून ते काही सांगतही नाही. इच्छा काय होती याचा पुरावा त्या कृतीच्या बाहेरून यायला हवा.

आणि मानाच्या बाबतीत आणखी एक अडचण. मान ठरवून कमावायला गेलं की हातचा जातो. ‘माझं नाव व्हावं म्हणून बोली लावली’ असं त्या गृहस्थांनी मंडपात म्हणून बघावं. म्हणून ते म्हणतात, ‘देवाच्या कामाला.’ आणि बहुधा मनापासून म्हणतात. काही अवस्था फक्त दुसरं काहीतरी करताना, जोडउत्पादन म्हणून मिळतात, हा ‘सावर ग्रेप्स’ (१९८३) या पुस्तकातला एल्स्टर यांचा फार सुंदर मुद्दा. झोप घ्या, ‘आता झोपायचंच’ म्हणून पडलं की छताचे वासे मोजून होतात. जत्रेतल्या नाटकात नवख्या नटाला ‘सहज वाग’ म्हणून सांगा आणि त्याचे दोन हात त्याला कुठे ठेवावेत ते कळेनासं होतं. उत्स्फूर्तपणा, निरागसपणा, दुसऱ्यावर छाप पडणं, सगळं या यादीत. इच्छा आहे, साधनं आहेत, मार्ग मात्र सरळ नाही. तर्कसंगत निवडीच्या सिद्धान्ताला हे पचायला जड जातं.

त्याच पुस्तकाचं नाव ज्या गोष्टीवरून आलं ती आपल्यालाही ठाऊक आहे: कोल्ह्याला द्राक्षं आंबट. पण आपण ती खोटारडेपणाची गोष्ट म्हणून सांगतो. एल्स्टर यांना त्यातलं जास्त गंभीर काही दिसलं. समजा कोल्हा खोटं बोलत नाही. त्याला द्राक्षं खरंच नकोशी झाली आहेत. मिळत नाही म्हणून इच्छाच मागच्या दाराने बदलली आणि कोल्ह्याला त्याचा पत्ताही नाही. एखाद्या आतल्या गावात संध्याकाळनंतर बस नाही. तिथल्या मुलीला विचारा, पणजीत नोकरी करावीशी वाटते का? ती हसून म्हणते, ‘छे, मला घरचंच बरं.’ तिचं म्हणणं मान्य करायचं? लोकांना जे हवं ते द्यावं, हे लोकशाहीचं आणि बाजाराचंही मूळ सूत्र. पण हवंनकोच जर बसच्या वेळापत्रकाने ठरवलं असेल, तर ‘लोक समाधानी आहेत’ हा बस न सोडण्याच्या बाजूचा पुरावा ठरतो. अन्याय जितका जुना, तितके लोक समाधानी, असा हा उफराटा हिशेब.

याचा अर्थ प्रत्येक समाधानी माणूस फसलेला असतो असा नाही, आणि एल्स्टर तसं म्हणतही नाहीत. संतांनी शिकवलेलं समाधान किंवा बौद्ध साधकाने कमावलेली विरक्ती हा वेगळा प्रकार. तिथे माणूस जाणूनबुजून स्वतःच्या इच्छेवर काम करतो, आणि जे मिळालं नाही त्याला नावं ठेवत बसत नाही. कोल्हा नकळत बदलतो आणि द्राक्षांना नावं ठेवतो. एक सोपी कसोटी लावून बघता येते: उद्या बस सुरू झाली तर त्या मुलीचं उत्तर तेच राहील का?

मार्क्सबद्दल लिहिल्याशिवाय एल्स्टर पुरे होत नाहीत, जरी मला स्वतःला हा भाग कोरडा वाटतो. १९८५ साली त्यांनी मार्क्सवर भलामोठा ग्रंथ लिहिला. जी. ए. कोहेन, जॉन रोमर अशा मंडळींबरोबर ते ज्या गटात होते त्याला ‘विश्लेषक मार्क्सवादी’ म्हणत. एल्स्टर यांची मुख्य तक्रार अशी: अमुक संस्था सत्ताधाऱ्यांच्या फायद्याची आहे, म्हणून ती आहे, असं म्हणणं म्हणजे स्पष्टीकरण नव्हे. फायदा होतो हे खरं असेल, पण त्या फायद्याने ती संस्था कुठल्या वाटेने जन्माला घातली किंवा टिकवली ते दाखवा. कुणी ठरवलं? कुणाच्या हातून? गोव्यातलं उदाहरण घ्यायचं तर, कोमुनिदाद पोर्तुगीजांना महसूल देत होत्या म्हणून टिकल्या, हे वाक्य एल्स्टर यांच्या परीक्षेत एरवी नापास झालं असतं. पण इथे कागद आहे. १५२६ साली पोर्तुगीज अधिकारी आफोंसो मेशिया यांनी गावकरांचे रीतिरिवाज आणि देणी ‘फोराल’ या सनदेत लिहून काढली. राज्यकर्त्याने मुद्दाम, महसूल डोळ्यांसमोर ठेवून, जुनी रीत लेखी केली. वाट सापडली, वाक्य पास. आपले दामोदर धर्मानंद कोसंबी, १९०७ साली गोव्यात जन्मलेले गणिती आणि मार्क्सवादी इतिहासकार, यांनी जुन्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या मुलखातल्या, गावसंस्थेवर लिहिलं तेही जमीन, वाटे आणि माणसं यांच्या तपशिलात शिरूनच.

आता भावना. युधिष्ठिराला धर्म कळत नव्हता असं कुणी म्हणणार नाही. तरी तो द्यूताला बसला, सगळं हरला, सुटका झाली, आणि पुन्हा बोलावणं आल्यावर पुन्हा बसला. ‘स्ट्राँग फीलिंग्ज’ (१९९९) या पुस्तकात एल्स्टर भावना आणि व्यसन एकत्र तपासतात, आणि जुगारही त्यात येतो. त्यांचं म्हणणं, तीव्र भावना फक्त इच्छा बदलून थांबत नाही, ती समजही वाकवते आणि घाईही आणते. ‘पुढचा डाव आपला’ हे पटायला लागतं, आणि पटण्याआधीच हात खिशात गेलेला असतो. वर दिलेल्या तिन्ही अटी एका दमात मोडतात.

यावर माणूस काय करतो? शुद्धीत असताना बेशुद्धीतल्या स्वतःचा बंदोबस्त करतो. ‘युलिसिस अँड द सायरन्स’ (१९७९) हे एल्स्टर यांचं गाजलेलं पुस्तक यावरच आहे. ग्रीक महाकाव्यातला युलिसिस जाणून होता की सायरन्सचं गाणं ऐकलं की आपण जहाज खडकावर नेऊ. म्हणून त्याने खलाशांच्या कानात मेण घातलं आणि स्वतःला डोलकाठीला बांधून घेतलं. पगाराच्या दिवशी बायकोच्या हातात पैसे देऊन टाकणारा ट्रॉलरवरचा खलाशी हेच करतो. संविधान म्हणजे राष्ट्राने स्वतःला असं बांधून घेणं, अशी उपमा त्यानंतर फार लोकप्रिय झाली. आणि दोरी जास्त आवळली तर काय होतं याचं आपल्याकडचं उदाहरण भीष्माचं: एका दिवशी घेतलेली प्रतिज्ञा, परिस्थिती पार पालटली तरी सुटेना.

एकवीस वर्षांनी, २०००च्या ‘युलिसिस अनबाउंड’मध्ये, एल्स्टर यांनी स्वतःचीच ही उपमा मागे घेतली, निदान अर्धी. व्यक्ती स्वतःला बांधते, ठीक. समाज ‘स्वतःला’ बांधतो म्हणताना बहुतेक वेळा काही जण दुसऱ्या काही जणांना बांधत असतात. मांडवीच्या पात्रातल्या कॅसिनोच्या बोटींकडे बघा. १ फेब्रुवारी २०२०पासून गोमंतकीयांना कॅसिनोत जुगार खेळायला प्रवेश नाही. पर्यटकांना आहे. याला काय म्हणायचं? गोव्याच्या माणसाने स्वतःला डोलकाठीला बांधून घेतलं, असं म्हणता येईल. मागणी इथल्याच घरांतून आली होती. किंवा ज्यांना जुगाराचं आकर्षण नाही त्यांनी ज्यांना आहे त्यांना बांधलं. किंवा महसूलही हवा आणि घरचा ओरडाही नको, म्हणून सरकारने मधली वाट काढली. तीनही गोष्टी एकाच नियमात असू शकतात. मला स्वतःला हा नियम हवासा वाटतो, पण ‘आम्ही स्वतःला आवरलं’ असं त्याचं वर्णन करायला जीभ जरा अडखळते.

या सगळ्यातून नियम काय निघाला? एल्स्टर म्हणतात, निघत नाही, आणि काढायचा हट्टही धरू नका. समाजशास्त्रात गुरुत्वाकर्षणासारखे कायदे सापडत नाहीत. सापडतात त्या यंत्रणा: वारंवार दिसणारे, ओळखीचे कार्यकारणाचे नमुने, जे कधी चालू होतील ते आधी सांगता येत नाही, पण चालू झाल्यावर ओळखता येतात. म्हणींकडे ते आदराने बघतात ते याचमुळे. दारुड्या बापाची मुलं घ्या, हे त्यांचंच उदाहरण. एक बापासारखा होतो, दुसरा थेंबाला शिवत नाही. ‘खाण तशी माती’ आणि ‘सूर्यापोटी शनैश्चर’ या दोन्ही आपल्या शिदोरीत आहेत. दुसरीचा रोख उलटा असला तरी मुद्दा तोच. भाकीत करता येत नाही म्हणून स्पष्टीकरण खोटं ठरत नाही. काही वाचकांना ही पळवाट वाटते, आणि आक्षेप अगदीच पोकळ नाही: काहीही घडलं तरी एखादी यंत्रणा सापडतेच. त्यावर एल्स्टर यांचं उत्तर, मग त्या एका प्रसंगात ती खरंच चालू होती याचा स्वतंत्र पुरावा द्या. पुन्हा तेच, पुरावा कृतीच्या बाहेरचा.

उत्तरायुष्यात ते जास्त कडवट झाले. एकीकडे जडजंबाळ शब्दांचे फुगे फुगवणारे सिद्धान्तकार, दुसरीकडे गणिताच्या चकाकीखाली माणसाला हरवून बसलेले अर्थशास्त्रज्ञ. दोघांनाही त्यांनी धुकं पसरवणारे म्हटलं, पहिल्यांचं धुकं मऊ आणि दुसऱ्यांचं कठीण. ज्या माणसाने उमेदीत तर्कसंगत निवडीच्या सिद्धान्ताची एवढी बाजू घेतली, तोच पुढे म्हणू लागला की हा सिद्धान्त माणसं कशी वागतात यापेक्षा कशी वागावीत हे सांगायला जास्त उपयोगी.

वाचायला घ्यायचंच असेल तर मार्क्सवरच्या ग्रंथाने सुरुवात करू नका. ‘नट्स अँड बोल्ट्स फॉर द सोशल सायन्सेस’ हे १९८९चं पुस्तक बारीक आहे, इंग्रजी सोपं आहे, प्रकरणं छोटी आहेत. ते आवडलं तर २००७चं ‘एक्सप्लेनिंग सोशल बिहेवियर’. ते जाडजूड आहे, पण सलग वाचायची सक्ती नाही. ‘सावर ग्रेप्स’ मधेच कुठेतरी, डोकं ताजं असताना.